मुकी प्लेट

"ठेव! खाली ठेव ती! ए हायड्रावाल्या, कान फुटले का तुझे? खाली ठेव म्हणतो ना! ती आपली न्हाई!"

मामा ओरडत होते आणि वीस फुटांची ती प्लेट हायड्रा क्रेनच्या साखळीला लटकून हवेत सावकाश गोल फिरत होती. एप्रिल महिना, शुक्रवार, संध्याकाळचे साडेपाच, आणि शीळफाट्याच्या अलीकडचं आमच्या लोखंडवाल्या शेठचं यार्ड. त्या यार्डात लोखंड इतकं की एखादं होकायंत्र चुकून आत आलं तर चक्कर येऊन पडेल. एका अंगाला हॉट रोल्ड प्लेटांच्या थप्प्या, दुसऱ्या अंगाला बिलेटांचा ढीग. बिलेट म्हणजे वीतभर जाडीचे चौकोनी लोखंडी ओंडके, त्यांच्याच पुढे सळया निघतात. ताजा माल आला की ते ओंडके दुपारपर्यंत गरम असतात. त्यांच्यावर मी जेवणाचा डबा गरम केलाय, एकदा पापड भाजलाय आणि एकदा तर शेठच्या चौकीदाराचं लग्नही तिथेच उरकणार होतं, होम पेटवायचा खर्च वाचला असता.

वजनकाट्यावर भरलेल्या ट्रकच्या वजनातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा करतात. माझ्या बोलण्यातूनही तसंच थोडं वजा करत चला, माझी हरकत नाही. पण या प्लेटच्या गोष्टीत मी पदरचं काही घातलेलं नाही. घालायची हिंमतच झाली नाही.

आमचं वर्कशॉप वागळे इस्टेटमधलं. लोखंडी शेड, जिने, पादचारी पूल असली कामं. मालकीण बाई. त्यांचे यजमान गेल्यापासून सगळं त्याच बघतात आणि त्यांच्यापेक्षा बरं बघतात. माल घ्यायचं काम माझं, आणि घेतलेल्या मालाला 'होय' की 'नाही' हे सांगायचं काम मामांचं. मामा कराडकडचे, चाळीसेक वर्षं लोखंडात घालवलेली. त्यांच्याकडे एक लहान हातोडी होती, तिचा दांडा झिजून मधोमध कमरेसारखा झालेला. प्लेट जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर ठेवायची, मामा डावा तळहात तिच्यावर पालथा टेकवणार, उजव्या हाताने चार कोपऱ्यांत आणि एकदा पोटात ठोकणार आणि डोळे मिटून आवाज संपेपर्यंत उभे राहणार. चांगली प्लेट ठणणण करते आणि तो आवाज लांबवर जात राहतो. मामा म्हणायचे, "सगळी असली की सांगती, मी सगळी हाय." तो आवाज चालू असताना कोणी बोललं तर मामा हातोडी त्याच्या पायाजवळ टाकायचे. एकदा मोबाईल वाजला म्हणून त्यांनी मला अर्धा तास ट्रकच्या टपावर बसवलेलं.

तर त्या दिवशी अकरा प्लेटा ठणठणीत वाजल्या. बारावी वाजली नाही.

वाजली नाही म्हणजे ओल्या वाळूच्या पोत्यावर ठोकल्यासारखं, थप. मामांनी दुसऱ्या कोपऱ्यात ठोकलं. थप. पोटात ठोकलं. थप. मामांनी हातोडी कमरेला खोचली, आणि आम्ही सगळे वळलो तेव्हा पाठीमागून, खालच्या बाजूने, एकदाच आवाज आला.

टक.

कोणीतरी दाराला बोटाचं पेर लावावं तसा. मामांनी तळहात प्लेटवरून असा उचलला जसा आपण तव्यावरून उचलतो. "आतनं वाजलं," ते म्हणाले.

"मामा, लोहा है, सितार थोडी है!" शेठ खुर्चीतून ओरडला. "गरम झालंय, थंड होतंय. चढवा, चढवा!"

आणि ते चढवायला लागले तेव्हा मामांनी सुरुवातीचं ते ओरडणं सुरू केलं. क्रेनवाल्याने प्लेट खाली ठेवली. मामांनी मला बोटाने जवळ बोलावलं. "नंबर बघ हिचा."

प्रत्येक प्लेटवर कारखान्यातून हीट नंबर घालून येतो. भट्टीच्या ज्या घाण्यातलं लोखंड ओतून ती झाली त्या घाण्याचा नंबर. तो कागदावरच्या टेस्ट सर्टिफिकेटशी जुळला तरच माल खरा. माणसाला जन्मदाखला, तसा प्लेटला हीट नंबर. अकरा प्लेटांच्या कोपऱ्यावर पांढऱ्या रंगात ठळक आकडे होते. बारावीवर काहीच नव्हतं. रंग पुसल्याची खूण नाही, ठोशांचे खळगे नाहीत. निळसर काळी, गुळगुळीत, जशी काही ती कुठल्या घाण्यातून आलीच नव्हती.

"ही घ्यायची न्हाई," मामा म्हणाले.

आता माझी गोची ऐका. चार वाजताच, मामांनी एकाही प्लेटला हातोडी लावायच्या आधी, मी बाईंना फोन करून सांगितलेलं, "बाई, बाराच्या बारा देवळातल्या घंटेसारख्या वाजल्या! चौकीदाराने चपला काढल्या!" हा माझा स्वभाव. मला बातमी घडायच्या आधी सांगायला आवडते. त्यात दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही हे तुमच्या घरीही असेल, तुमच्याकडे ती एखादी कढई असते. आमच्याकडे अठरा टन असतं, तरी नियम तोच. बाईंच्या सासऱ्यांपासून चालत आलेला. म्हणजे मला प्लेट बदलून हवी असेल तर ती थेट सोमवारी, आणि शेठने सांगून टाकलेलं की या जाडीची तेरावी प्लेट त्याच्याकडे नाही, पंधरा दिवसांनी येईल. डोंबिवलीच्या नाल्यावरच्या पुलाची तारीख तर ठरलेली, मोठी क्रेन बोलावलेली.

"मामा, सर्टिफिकेट आहे ना बाराचं," मी म्हटलं.

"कागुद वाजतो का?" मामा म्हणाले. त्यांना घाई होती. भाचीचं लग्न आणि पाठोपाठ गावची यात्रा, तीन आठवड्यांची रजा, आणि ठाण्याला खोपटच्या डेपोतून साडेसातची एसटी. शीळफाट्यावरून खोपटला पोचायचं म्हणजे त्या ट्रॅफिकमध्ये माणूस क्लीन शेव्ह करून निघतो आणि दाढी वाढवून पोचतो. मामांनी पिशवी उचलली, रिक्षात एक पाय टाकला आणि म्हणाले, "अकरा घेऊन जा. अकरा म्हंजे अकरा."

"हो मामा," मी म्हटलं.

रिक्षा वळली आणि मी हायड्रावाल्याला हात केला. ती बारावी होती म्हणून सगळ्यात वर गेली.

*

शनिवारी सकाळी वर्कशॉपमध्ये कोणी यायच्या आत मी आकडे उमटवायचे पोलादी पंच काढले आणि अकराव्या प्लेटचा नंबर बाराव्या प्लेटच्या कोपऱ्यात ठोकून टाकला. वर पांढऱ्या रंगाचा हात मारला. माझं अक्षर चांगलं आहे. लहानपणी शाळेच्या फळ्यावर सुविचार मीच लिहायचो, आणि तेही बहुतेक खोटेच असायचे.

ठोकताना एक गोष्ट लक्षात आली. पंच मारला की हाताला झिणझिण्या येतात, लोखंड उलटा धक्का देतं. या प्लेटने दिला नाही. मी मारत होतो आणि ती घेत होती. आणि एप्रिलात, सिमेंटच्या पत्र्याखाली, जिथे सकाळीच पाण्याची बाटली चहासाठी वापरता येते, तिथे ती प्लेट गार होती. बाकीच्या अकरा हात लावू देत नव्हत्या. हिच्यावर मी कोपर टेकून काम केलं.

सोमवारपासून तिने बोलायला सुरुवात केली.

आमच्याकडे साडेचारला चहा येतो. मशिनं बंद होतात, शेडमध्ये एकदम शांतता पसरते, आणि पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन प्लेटांवरून सरकून भिंतीवर जातं. त्या शांततेत थप्पीतून आवाज आला. टक.

"पाहुणी आली," गॅस कटर चालवणारा म्हणाला. "दार उघडा."

सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा जोरात. मंगळवारी पुन्हा साडेचारला टक. बुधवारी चहावाला उशिरा आला तर कोणीतरी म्हणालं, "अरे, प्लेट वाजली, चहा कुठे?" गुरुवारपर्यंत लोक घड्याळाकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघायला लागले. वेल्डरने तिच्यावर चहाचा एक कप ठेवला, म्हणाला, "पी बाई, तूही पी." आवाज झाला तेव्हा कपातल्या चहावर एक गोल उठला, मधोमध, आणि काठापर्यंत गेला. त्यानंतर तिच्यावर कोणी कप ठेवला नाही.

लोखंड तापलं की फुगतं, निवलं की आवाज करतं, हे मला कळतं. वीस वर्षं हाच धंदा करतोय. पण बाकीच्या अकरा ठोकल्यावर बोलायच्या आणि एरवी गप्प असायच्या. ही ठोकल्यावर गप्प आणि एरवी बोलायची.

मग पुढच्या आठवड्यात कापणीची वेळ आली. पुलाचा गर्डर, म्हणजे मुख्य लोखंडी तुळई, उचलायचा तर क्रेनचा हुक अडकवायला त्याच्या पाठीवर चार जाड कान वेल्ड करावे लागतात. सगळं वजन त्या चार कानांवर. माझी गाडी वागळे इस्टेटच्या चौकात अडकलेली, मी पोचेपर्यंत कटरवाल्याने चारही कान कापून ठेवले होते.

"कुठल्या प्लेटमधून कापलेस?" मी विचारलं.

"वरच्या. हीच हाताशी होती." त्याने टॉर्च हलवून दाखवला. "ऑक्सिजन खराब आलाय या वेळी. फ्लेम अर्ध्यात जाऊन अडकत होती, जसं काही खाली कोणी हात लावलाय. दोनदा कापायला लागलं."

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर नंबर कोणी मारला हे विचारलं असतं कोणीतरी. माझ्यासारखा माणूस गप्प राहिला हीच खरं म्हणजे धोक्याची घंटा होती, पण माझ्या गप्प बसण्याची कोणाला सवय नसल्यामुळे त्यांना वाटलं माझं पोट बिघडलंय.

*

आता नारळाचं सांगायला हवं.

आमच्या वर्कशॉपची रीत अशी आहे की पहिला गर्डर उचलला की तो माणसाच्या डोक्याच्या हातभर वर थांबवायचा. क्रेन थांबते, सगळे थांबतात. मग एकच माणूस नारळ घेऊन त्याच्या खाली जातो, बरोबर मधोमध उभा राहतो, नारळ फोडतो आणि चालत बाहेर येतो. धावायचं नाही. आणि तो माणूस कोण? तर ज्याने लोखंड विकत आणलं तो. बाईंच्या सासऱ्यांनी पाडलेला पायंडा. तपासायला अधिकारी आले की आम्ही नारळ बाजूच्या दगडावर फोडतो आणि ते गेले की पुन्हा खाली. मी सतरा वेळा असा खाली गेलोय. गाणं म्हणत गेलोय. एकदा वर बघून गर्डरला डोळा मारलाय.

या वेळी मला रात्री झोप लागेना. डोळे मिटले की डोक्यावर हातभर अंतरावर काहीतरी गार आहे असं वाटायचं. बायको म्हणाली, "पंखा कमी करू का?" मी म्हटलं, "पंखा बंदच आहे ना." म्हणाली, "मग उशी का डोक्यावर धरलीय?"

मंगळवारी गर्डर उचलायचा होता. आदल्या रविवारी दुपारी मी डोंबिवलीला नाल्यावर एकटाच गेलो. बायकोला सांगितलं, मोजमाप घ्यायचंय. खरं म्हणजे मला फक्त जाऊन त्या कानांना हात लावून यायचं होतं, वेल्डिंग कसं झालंय बघायचं होतं आणि स्वतःलाच सांगायचं होतं की अरे, केवढी जाड प्लेट आहे, हत्ती लटकव.

नाल्याच्या काठावर गर्डर लाकडाच्या ठोकळ्यांवर आडवा ठेवलेला. ऐंशी फूट लांब, राखाडी रंग दिलेला, पाठीवर चार कान. रविवार म्हणून कंपन्या बंद, नाल्याचं पाणी हिरवं आणि हलत नव्हतं. चौकीदार जेवायला गेलेला. गर्डरच्या सावलीत एक पिवळं कुत्रं झोपलं होतं. मी शिडी लावून वर चढलो, पहिल्या कानाला हात लावला. ऊन रणरणत होतं, गर्डरवर पाऊल टिकत नव्हतं. कान गार होता. नळाखाली धुतलेल्या भांड्यासारखा गार.

मी खाली उतरलो आणि गर्डरच्या मधोमध सावलीत येऊन उभा राहिलो. ऊन कलायला लागलं होतं. मी घड्याळ बघितलं नाही, मला बघायचंच नव्हतं.

पहिला आवाज माझ्या डावीकडे, गर्डरच्या कानातून आला. टक. मग त्याच्या पलीकडच्या. टक. मग उजवीकडच्या टोकाकडून, टक. मग चौथ्यातून. कोणीतरी गर्डरच्या पाठीवरून चालत चारही कोपरे तपासावेत तसे, एकामागून एक, मध्ये सारखंच अंतर ठेवून. मामा ठोकायचे तसे. कोपरा, कोपरा, कोपरा, कोपरा.

आता पोटात ठोकायचं राहिलं होतं. मी उभा होतो ते बरोबर पोटाशी.

कुत्रं उठलं. भुंकलं नाही, अंग झटकलं नाही. उठलं आणि गर्डरच्या सावलीतून बाहेर पडून उन्हात जाऊन बसलं आणि माझ्याकडे बघत राहिलं.

मी धावलो. तिथली धाव कोणी मोजली असती तर आज माझ्या घरी मेडल असतं.

*

बाई ठाण्यात स्टेशनच्या जवळच राहतात. मी पोचलो तेव्हा त्या पेपर पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. मी दारातच सुरू केलं, "बाई, त्या गर्डरमध्ये काहीतरी आहे!"

"बसा," बाई म्हणाल्या. "काहीतरी म्हणजे?"

मी सांगितलं. चार आवाज, गार कान, कुत्रं. सांगता सांगता गर्डर वीतभर उचलला गेला आणि नाल्याच्या पलीकडून एक बाई रडल्याचाही आवाज आला.

बाईंनी मेथीची एक काडी मोडली. "कुत्रं खरं आहे का तुमचं?"

"कुत्रं खरं, बाई."

"रडणारी बाई?"

"ती… लांबून आला आवाज. टीव्हीचाही असेल."

"आणि वीतभर उचलला गेला?"

"ते सोडा."

"कान कुठल्या प्लेटमधून कापले?"

"बाराव्या."

"तिच्यावर हीट नंबर आहे?"

"आहे ना. ठळक आहे."

"कोणी मारला?"

आत कुकरची शिट्टी झाली. बाई उठल्या नाहीत. दुसरी शिट्टी झाली तरी उठल्या नाहीत. आयुष्यभर माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला तीन उत्तरं तयार असायची, आणि त्या वेळी एकच होतं.

"मी," मी म्हणालो. "मामा नको म्हणालेले. ती वाजलीच नव्हती."

बाईंनी निवडलेली मेथी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "कान वेल्ड होऊन चार दिवस झाले. आज आलात. खाली तुम्ही उभे राहणार म्हणून आलात, की क्रेनवर काम करणारी माणसं आहेत म्हणून?"

मला सुंदर उत्तर सुचत होतं. अगदी डोळ्यांत पाणी येईल असं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या.

"मी उभा राहणार म्हणून."

"निदान हे खरं बोललात," बाई म्हणाल्या आणि फोन उचलला.

सोमवारी सकाळी तपासणीवाला आला. खांद्याला पेटी, हातात पेनाएवढं यंत्र. कानावर जेल लावायचं, ते यंत्र फिरवायचं आणि पडद्यावर रेघ बघायची. यंत्रातून आवाज आत जातो, प्लेटच्या दुसऱ्या अंगाला आपटून परत येतो, त्यावरून जाडी कळते. मामा रजा अर्धवट टाकून गावाहून रात्रीच्या गाडीने आलेले, ते एका बाजूला उभे. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही.

तपासणीवाल्याने यंत्र फिरवलं, पुसलं, पुन्हा जेल लावलं. "किती एमएमची प्लेट आहे ही?"

"वीस," बाई म्हणाल्या.

"नऊवर संपतेय."

"म्हणजे?"

"वरून नऊ एमएमपर्यंत प्लेट आहे. मग संपली."

"अहो, समोर दिसतेय ना वीस!" मी म्हणालो.

"दिसतेय," तो म्हणाला. "यंत्राला नाही दिसत."

"मग नऊच्या खाली काय आहे?"

त्याने पडद्याकडे बघितलं. "काही नाही."

चारही कानांवर तेच. कटरवाल्याने पहिला कान मुळापासून कापून काढला, ठोकळ्यावर उभा ठेवला आणि मामांनी त्याच्या कडेवर छिन्नी धरून एक घाव घातला. कान उघडला. वहीसारखा, दोन पानं वेगळी होऊन. कारखान्यात लाटताना आत राहिलेली पोकळी प्लेटबरोबर लाटली जाते, बाहेरून एक दिसतं आणि आत दोन असतं, हे तपासणीवाल्याने समजावून सांगितलं आणि ते बरोबरच असणार. पण उघडताना आतून जी झुळूक आली ती गरम होती. माझ्या तोंडावर आली. भट्टीचा वास होता तिला. इतके दिवस बाहेरून गार असलेली ती गोष्ट आतून गरम होती. मी आजूबाजूला बघितलं, कोणाला जाणवलं का ते. वेल्डर दोन पावलं मागे सरकला होता. आतली दोन्ही अंगं काळी आणि आरशासारखी गुळगुळीत होती, आणि त्यांच्यात आमचे चेहरे दिसत होते, जरा लांबट.

"झाका ते," मामा म्हणाले.

*

नवे कान अकराव्या प्लेटमधून कापले. बारावीचा उरलेला तुकडा गर्डरमध्ये लागला नव्हता, तो बाईंनी शेडबाहेर काढायला लावला. मामांनी ते आधी जमिनीवर ठोकून बघितले, मग वेल्ड झाल्यावर पुन्हा ठोकले, आणि तपासणीवाल्याने पुन्हा यंत्र फिरवलं. उचलणं दोन दिवस पुढे गेलं. बाई मला काहीच बोलल्या नव्हत्या. काढलं नव्हतं, ठेवलंय असंही म्हटलं नव्हतं. मी रोज जात होतो, सगळ्यांच्या आधी.

गुरुवारी सकाळी मी नारळ घेऊन तयार होतो. खरंच होतो. रीत म्हणजे रीत, लोखंड मी आणलं होतं. क्रेनने गर्डर उचलला, साखळ्या ताणल्या, करकरल्या, आणि तो डोक्याच्या हातभर वर थांबला. जनरेटर बंद केला. क्रेनवाल्याने हात वर केला. नाल्याच्या दोन्ही काठांवर माणसं उभी. गर्डरची सावली जमिनीवर पडलेली, ऐंशी फूट लांब, आणि ती किंचित डावीउजवीकडे हलत होती, कोणीतरी श्वास घ्यावा तशी. मी पाऊल उचललं.

"नारळ मामांना द्या," बाई म्हणाल्या.

"बाई, आणलं मी आहे."

"आणलं तुम्ही. 'होय' मामांनी म्हटलंय. द्या त्यांना."

सगळे बघत होते. सतरा वेळा गाणं म्हणत खाली गेलेल्या माणसाच्या हातातून मामांनी नारळ घेतला. त्यांनी चपला काढल्या. सावलीत शिरले आणि मधोमध जाऊन उभे राहिले, आणि मग नारळ फोडायच्या आधी त्यांनी डावा हात वर केला आणि गर्डरच्या पोटाला तळहात टेकवला.

किती वेळ ते तसे उभे होते मला सांगता येणार नाही. मी इथे तास म्हटला तर तुम्ही वजा कराल, मिनिट म्हटलं तर मला स्वतःलाच ते खोटं वाटेल. त्यांनी डोळे मिटले होते. आमच्यापैकी कोणाला काही ऐकू येत नव्हतं. पण ते ऐकत होते, आणि मध्येच त्यांनी मान जराशी तिरकी केली, जसं समोरचा हळू बोलतोय आणि त्याचं शेवटचं वाक्य राहून गेलंय. जमिनीवरची सावली हलायची थांबली. साखळीचा आवाजही थांबला. नाल्यापलीकडच्या झाडावरचे कावळे एकाच वेळी उडाले, ओरडले मात्र नाहीत. मला वाटलं आता त्यांना काहीतरी कळलंय आणि ते खाली आहेत, आणि तिथे मी असायला हवा होतो.

मग त्यांनी हात काढला, वाकले आणि एका घावात नारळ फोडला. पाणी त्यांच्या पायांवर उडालं. ते चालत बाहेर आले, सावकाश, सावलीची कड ओलांडताना त्यांनी एकदा खाली बघितलं. क्रेनवाल्याने गर्डर वर घेतला आणि दुपारपर्यंत तो नाल्यावर जागेवर बसला. अजूनही तिथेच आहे. लोक त्यावरून भाजी घेऊन जातात.

संध्याकाळी टपरीवर आम्ही दोघंच होतो. त्या यार्डातल्या शुक्रवारनंतर मामा पहिल्यांदाच माझ्याशेजारी बसले होते. त्यांनी बशीत चहा ओतला. मला त्यांची माफी मागायची होती, पण ती मला येत नाही, म्हणून मी दुसरंच विचारलं.

"मामा, खाली उभं राहताना भीती वाटली का हो?"

मामांनी बशी तोंडाला लावली, संपवली, खाली ठेवली.

"वाटली की."